पेशीचें पटल

भिंत म्हटली म्हणजे ती अचल असावयाची, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं जें पातळ पटल असतें, तें प्रवाही आहे. आणि या प्रवाहीपणावरच पेशीचें जीवन अवलंबून असतें.

१९२५ सालीं गोर्टर व ग्रेंडेल या डच शास्त्रज्ञांनीं तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य काढून तें पाण्यावर पसरलें. तो थर पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरला. यावरून पटल दुपदरी असलें पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. या द्रव्याच्या रेणूचें डोकें पाण्याकडे ओढ घेतें व शेपट्या पाणी टाळतात. म्हणून दोन्ही पदरांच्या शेपट्या आंत दडलेल्या असतात.

पुढें १९७० सालीं फ्राय व एडिडिन यांनीं उंदराची व मनुष्याची पेशी एकत्र जोडून दोहोंच्या पटलांतील प्रथिनांस निरनिराळ्या रंगांच्या खुणा केल्या. आरंभीं दोन्ही रंग अलग होते. परंतु ३७ अंश सेल्सिअस उष्णतेंत सुमारें ४० मिनिटांत ते मिसळून गेले! अर्थात् प्रथिनें पटलांत तरंगत होतीं. १५ अंशांखालीं मात्र तें मिसळणें जवळजवळ थांबलें.

याचें कारण आपल्या स्वयंपाकघरांतच सांपडेल. हिवाळ्यांत तूप थिजतें, करडईचें तेल पातळच राहतें. तुपांतील बहुतेक शेपट्या सरळ असल्यानें दाटीनें बसतात. तेलांतील वांकड्या असल्यानें बसूं शकत नाहींत. पाणी गार होऊं लागलें म्हणजे कित्येक मासे आपल्या पटलांत अशा वांकड्या शेपट्यांचें प्रमाण वाढवितात. पटल थिजलें तर पेशीची देवघेव थांबेल, आणि देवघेव थांबली म्हणजे जीवन संपलें.