तोल सांभाळण्याची विद्या : ताई-ची



रात्रीचं दारं धरायला गेलेला माणूस सरीत घसरून पडतो. तिशीत असला तर चिखल झटकून उठतो. सत्तरीत तेच पडणं खुब्याच्या हाडावर येतं आणि अंथरूण धरावं लागतं. म्हणून या खेपेस उसाची गोष्ट बाजूला ठेवून तोलाची गोष्ट सांगतो.

आपण पडतो ते पृथ्वी ओढते म्हणून. न्यूटनने १६८७ साली या ओढीचा नियम मांडला. कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधील ओढ मोजली, व तिच्यावरून पुढे गुरुत्वाचा स्थिरांक काढता आला. तो इतका लहान की एकेक किलोचे दोन गोळे एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यातली ओढ एका न्यूटनचा पंधरा अब्जावा हिस्सा भरते. पृथ्वी प्रचंड, म्हणून तिची ओढ जाणवते. हा आकडा तरण्याला आणि म्हाताऱ्याला सारखाच; बदलतात ते आपले पाय. एक मीटर उंचीवरून वस्तू खाली यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात पाय टाकून सावरायचं असतं, आणि वयाबरोबर नेमकी तीच चपळाई जाते.

चीनमधील हेनान प्रांतात चेन घराण्याचं एक खेडं आहे. तिथे सतराव्या शतकापासून ताई-ची चालत आली असे मानतात. मूळची ही लढाईची विद्या, पण आज लोक ती प्रकृतीसाठी करतात. १९५६ साली चीन सरकारने तिचा २४ हालचालींचा सोपा प्रकार तयार केला. २०२० साली युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं.

तिची खुबी एका गोष्टीत आहे. एक पाय ‘भरलेला’, दुसरा ‘रिकामा’. गुडघे किंचित वाकवून सगळा भार एका पायावर घ्यायचा, रिकामा पाय सावकाश पुढे टेकायचा, आधी टाच. जमीन पक्की वाटली तरच भार तिकडे न्यायचा. निसरड्या बांधावरून जाणकार गडी असाच चालतो, फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नाही!

गुण येतो का? अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कंपवाताच्या १९५ रोग्यांवर प्रयोग झाला, तो २०१२ साली छापून आला. आठवड्यातून दोनदा, तासभर, चोवीस आठवडे. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणारे कमी वेळा पडले. गुडघेदुखीच्या २०४ रोग्यांवरील बोस्टनच्या २०१६ च्या प्रयोगात, बारा आठवड्यांनी ताई-चीचा गुण फिजिओथेरपीइतकाच दिसला. मात्र साखर, रक्तदाब सगळं यानेच जातं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गोळ्या चालूच ठेवाव्यात.

करून पाहायचं तर घरात, जड खुर्चीच्या पाठीला हात धरून. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. कळ आली की थांबावं. चक्कर येत असेल किंवा हाड पूर्वी मोडलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत, आणि पायात गुळगुळीत झालेली चप्पल नको. दारं धरायला जातानाही नकोच.