विजेच्या दाबाने घडणारे सूक्ष्म तंतू

रोहा तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी कामगारांच्या मुखपट्टीची जाळी जितकी बारीक, तितकी धूळ अधिक अडते.

ही जाळी विजेच्या साहाय्याने घडविता येते. पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्या कुळातील पदार्थाचे, द्रावण सुईतून सोडून त्यास हजारो व्होल्टचा दाब दिला असता टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जातो. त्यातून निघालेली धार वाटेतच वाळते आणि केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतके बारीक तंतू समोरच्या पत्र्यावर साचतात. अँटोन फोर्महाल्स यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९३४ मध्ये मिळाले. शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले.

मात्र ही जाळी धूळ अडविते, वायू नव्हे. कित्येक रासायनिक वाफांसाठी सक्रिय कोळसा लागतो. वायुगळतीत तर नुसती जाळी निरुपयोगीच. विशेष म्हणजे तंतू वाळताना उडणारा विद्रावकही वाफच असतो. तो खेचून घेण्याची सोय यंत्रालाच जोडावी लागते.