मलेशियातले शिकारी किडे आमच्या कपाशीत चालतील का?

प्रश्न : मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत औषध न मारता शिकारी किड्यांकडून अळ्यांचा बंदोबस्त करतात, असं ऐकलं. माझी कपाशी आहे, बांधापलीकडे केळी. असे किडे विकत आणून वावरात सोडले तर बोंडअळी आटोक्यात येईल का? – एक शेतकरी, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : बोंडअळी आटोक्यात नाही येणार. मावा येईल, आणि त्यासाठी किडे विकत आणावेच लागतील असंही नाही.

तेलताडावरची अळी पानांच्या तुकड्यांची पिशवी विणून तिच्यातच राहते. सायकॅनस नावाचा शिकारी ढेकूण त्या पिशवीत सोंड खुपसून अळीला शोषून टाकतो. तिथले मळेवाले मुद्दाम टर्नेरासारखी फुलझाडं रस्त्याकडेला लावतात, म्हणजे अशा मित्रकिडींना मधुरस आणि आसरा मिळतो. तेलताड एकदा लावला की पंचवीसेक वर्षं उभा, त्यामुळे शिकाऱ्यांचं बस्तान बसतं. कपाशी मात्र काही महिन्यांत उपटली जाते.

आपल्याकडचा दाखला उसाचा आहे. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा उतरला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. त्याला आवर घालण्यात मोठा वाटा होता डिफा या मावा खाणाऱ्या अळीचा आणि मायक्रोमस या किडीचा. ऊसही शेतात बराच काळ उभा असतो, हे इथंही कामी आलं.

आता तुमच्या कपाशीकडे या. ढालकिडा आणि क्रायसोपा बहुधा तुमच्या वावरात आधीच आहेत. ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसते. तिलाच कीड समजून पंप खांद्यावर घेणारे कमी नाहीत! क्रायसोपाची अंडी पानावर केसाएवढ्या बारीक दांड्यांच्या टोकाला असतात. त्याच्या अळ्या भुकेपोटी एकमेकींनाही खातात, म्हणून ही सोय. त्या मावा फस्त करतात, पांढऱ्या माशीची पिल्लंही खातात. चपळ तुडतुड्यांवर मात्र त्यांचा फारसा भरवसा धरू नका.

बीटी बियाण्याला बहुतेक वेळा रसशोषक किडींसाठी औषध लावलेलंच असतं. त्यामुळे पहिल्या महिनाभरात फवारणीची सहसा गरज पडत नाही. शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, यात आधी मरतात ते शिकारी. मावा मागे राहतो आणि भराभर वाढतो. पानं उलटून मोजल्याशिवाय औषध आणू नये, आणि लागलंच तर सुरुवात निंबोळी अर्काने करावी.

गुलाबी बोंडअळीचं गणित वेगळं आहे. अंड्यातून निघाली की ती लवकरच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते, वरचं छिद्र बुजून जातं आणि ती शिकाऱ्याच्या तावडीतून सुटते. तिला गाठायचं तर अंड्यातच. ते काम ट्रायकोकार्डमधून निघणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. कार्ड लावल्यावर आठ-दहा दिवस कडक औषध मारू नका, नाहीतर कार्डाचे पैसे वाया. जोडीला कामगंध सापळे हवेत आणि फरदड अजिबात नको. मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी लवकर फुलते आणि पहिल्या पिढीच्या पतंगांची आयती सोय करते. खान्देशात ही सवय सुटत नाही, तोवर एकट्या मित्रकिडींवर सगळा भार टाकणं बरोबर नाही.

राहिली केळी. मित्रकिडींसाठी कपाशीच्या कडेने चवळी आणि मका लावा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. कपाशीपुरता तो ठीक आहे. पण केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही, माव्यामार्फत पसरतो, आणि केळीच्या बागेजवळ चवळी, मका, काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची नको असं त्याबाबतीत सांगितलं जातं. विषाणू पसरवायला थोडासा मावाही पुरतो, तेव्हा ढालकिडे कितीही असले तरी हा रोग थांबत नाही. म्हणून केळीकडचा बांध मोकळा ठेवा आणि चवळी लावायचीच असेल तर वावराच्या दुसऱ्या टोकाला, केळीपासून जेवढी लांब जमेल तेवढी लावा.