पुन्हा स्नानसंस्कार द्यावा लागेल का?



लग्नाच्या बोलणीसाठी येणाऱ्या कुटुंबांकडून आम्हांला एक प्रश्न हमखास येतो: "फादर, मुलगी सी.एन.आय.ची आहे. तिला पुन्हा स्नानसंस्कार द्यावा लागेल का?" उत्तराआधी ही मंडळी मुळात कोण, ते पाहू.

नागपूर-भंडारा भागातील त्यांच्या अनेक मंडळ्यांचे मूळ स्कॉटलंडमध्ये आहे. १५६० साली जॉन नॉक्स यांच्या प्रेरणेने त्या देशाने कॅल्व्हिनची शिकवण स्वीकारली. मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहू लागले. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरॉस' म्हणजे वडील, म्हणून नाव प्रेस्बिटेरियन. (इंग्रजीतला 'प्रीस्ट' हा शब्दही त्याच मुळातून आला आहे, ही गंमत!)

पुढे तेथे गावचा जमीनदारच पाळक नेमू लागला. मंडळीला नको असलेला माणूसही तिच्यावर लादला जाई, आणि सरकारी न्यायालये जमीनदाराची बाजू घेत. अखेर मे १८४३ मध्ये थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२०० पैकी ४७४ पाळक बाहेर पडले. पगार गेला, राहते घर गेले, चर्चही गेले. ख्रिस्तसभेचा मस्तक ख्रिस्तच आहे, सरकार नव्हे, एवढ्यासाठी! त्यांची शिकवण आपण मानत नसलो तरी हे धैर्य मानायलाच हवे.

याच 'फ्री चर्च'चे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, गोंड लोकांची भाषा व परंपरा टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. १८८२ मध्ये हे मिशन भंडाऱ्याला पोहोचले. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, तो १९९९ पर्यंत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. बिशप नको म्हणणाऱ्यांनी त्यात बिशप स्वीकारले!

श्रद्धेत फरक आहेत. पवित्र शास्त्र हाच अंतिम अधिकार, असे प्रेस्बिटेरियन मानतात. आपण त्याबरोबर पवित्र परंपराही मानतो. तारण पावणारे देवाने आधीच निवडले आहेत, असे त्यांची जुनी शिकवण सांगते. देवाची कृपा नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे, असे आपण शिकवतो. संस्कार ते दोनच मानतात, स्नानसंस्कार व प्रभुभोजन. प्रभुभोजन त्यांना नुसती आठवण वाटते, असे आपल्यातले काहीजण म्हणतात, ते बरोबर नाही. ख्रिस्त तेथे विश्वासाने, आध्यात्मिक रीतीने मिळतो, असे त्यांची शिकवण आहे. भाकर स्वतः ख्रिस्ताचे शरीर होते, ही आपली श्रद्धा त्यांना मान्य नाही. म्हणून ख्रिस्तप्रसादाचे मेज अजून एक झालेले नाही.

स्नानसंस्कार मात्र एकच आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने तो दिलेला असेल, तर दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या शिकवणीनुसार ती मुलगी ख्रिस्तात आपली बहीणच आहे. तिला पुन्हा स्नानसंस्कार देता येत नाही, तिची इच्छा असली तरीही. अशा विवाहासाठी महागुरुस्वामींची परवानगी लागते. तेव्हा तारीख पक्की करण्याआधीच, तिच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन दोघांनी आम्हांला भेटावे.