पिंपळाच्या सावलीतील वाफा

वसतिगृहामागील पिंपळ प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या स्मरणात असेल. दर रविवारी श्रमदानात त्याखालची जमीन इतकी स्वच्छ झाडली जाई, की तेथे गवताची काडीही उरत नसे. पाला व वाळकी लाकडे जाळली जात. ही शिस्त आम्हीच लावली होती आणि तिचा आम्हांस अभिमान होता.

आमची चूक भाजीच्या मळ्याने दाखवली. काकडी व लाल भोपळा यांच्या वेली फुलांनी भरत. परंतु बोटाएवढी कोवळी फळे पिवळी पडून गळत. खत वाढवले, पाणी वाढवले. फरक पडला नाही. या वेलींवर नरफूल व मादीफूल वेगळे असते आणि पराग माशीलाच न्यावा लागतो. विद्यार्थ्यांनी सकाळी नरफुले खुडून मादीफुलांवर फिरवली, तेव्हा फळ धरले. उणीव खताची नव्हती, माश्यांची होती. वेली फुलतात ते मोजके महिने. उरलेल्या वर्षात त्या आवारात माशीने खावे काय?

मोकळी जागा उरली होती ती पिंपळाच्या सावलीतच. तेथे आम्ही प्रथम रोपवाटिकेतून क्रोटन आणले. शोभा आली, माशी आली नाही. मग याच मातीतील बहुवर्षायू झाडांकडे वळलो.

सर्वांत उपयोगी ठरला अडुळसा. पावसाळ्यात त्याची फांदी खोचली तरी जगते, कडू पानांमुळे शेळ्या तोंड लावत नाहीत आणि हिवाळ्यात फुलला की मोठे काळे भुंगे दिवसभर त्यावर असतात. हे भुंगे वाळलेल्या लाकडात व बांबूत भोके पाडून घर करतात. म्हणजे रविवारच्या शेकोटीत आम्ही त्यांची घरेच जाळत होतो! आता कुंपणाजवळ जुन्या बांबूंचा एक ढीग मुद्दाम ठेवला आहे. पाहुण्यांना तो अस्वच्छता वाटतो, वाटो.

अधिक ओलाव्याच्या कोपऱ्यात पेव लावले. लाल कणसातून त्याची पांढरी, चुरगळल्यासारखी फुले पावसाळ्यात येतात. पुढे सारे झाड वाळून जाते व कंद जमिनीत राहतो. ते मेले असे समजून उपटू नये; आम्ही एकदा उपटले आहे. सकाळचे ऊन पोहोचते त्या कडेला पिवळी कोरांटी आहे. तिला गडद सावली मानवत नाही. शेजारी पांढरा चित्रक. त्याच्या चिकट कळ्यांवर पट्टेदार निळे लहान फुलपाखरू अंडी घालते; पाने कुरतडलेली दिसली तरी औषध मारू नये. चित्रकाच्या मुळाच्या रसाने मात्र कातडीवर फोड येतात, म्हणून त्याची खणणी मुलांकडे देत नाही.

खुद्द पिंपळाच्या बुंध्याजवळ खणू नये; मुळे दुखावतात. तेथे त्याचाच कुजलेला पाला पसरावा आणि झाडे फांद्यांच्या कडेला लावावीत. पिंपळाला फुले येत नाहीत असे मुले म्हणतात. ती त्या बारीक फळांच्या आत असतात आणि तेथे शिरणारा चिमुकला कीटक खास पिंपळाचाच असतो.

आम्ही इतिहास शिकवणारे असल्याने सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख आठवणे ओघानेच आले. माणसे व पशू या दोघांसाठी औषधी वनस्पती नाहीत तेथे आणवून लावल्याचे त्यात नमूद आहे. कीटकांचे नाव त्यात नाही. परंतु अडुळसा व चित्रक ही औषधीच होत.

मळ्यात गेल्या हंगामात हाताने पराग फिरवण्याची गरज कमी पडली. पूर्ण संपली असे म्हणवत नाही. पेवाचा वाफा अजून अर्धा रिकामा आहे. रानातून कंद उपटून आणणे आम्हांस मान्य नाही. ज्यांच्या शेताच्या बांधावर पेव दाट वाढले असेल त्यांनी पहिल्या पावसाआधी चार-दोन कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावेत. विद्यार्थी खड्डे तयार ठेवतील.