मोटारसायकलवर डोकं गदागदा का हलतं? – वाऱ्याचा मारा आणि त्यावरचे उपाय

बल, दाब आणि प्रवाह हे धडे आपण पुस्तकात वाचतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. आज हेच धडे आपण रस्त्यावर घेऊन जाणार आहोत. सिंदी (रेल्वे)हून सेलडोहला जाऊन नागपूर–वर्धा महामार्गाला लागलं, की गाडीचा वेग ७०–८० पर्यंत सहज जातो. मग काय होतं? हेल्मेट डुगडुगायला लागतं, कानात घोंगावतं, मान अवघडते. पुढे काच लावलेली असली तरी त्रास कमी होत नाही, उलट कधी कधी वाढतोच. असं का?

हा प्रश्न फक्त आरामाचा नाही. "हेल्मेट हलतं, त्यापेक्षा नसलेलंच बरं," असं म्हणून हेल्मेट आरशाला अडकवून जाणारे आपण रोज पाहतो. म्हणजे दोष वाऱ्याच्या प्रवाहाचा आणि शिक्षा डोक्याला! म्हणून हा पाठ नीट समजून घ्या. घरात रोज अप-डाऊन करणारं कुणी असेल, तर त्यांनाही वाचून दाखवा.

१) वारा आणि वाऱ्याचा मारा यात फरक आहे

शेतात उफणणी पाहिली आहे ना? उफणताना वारा एकसारखा लागतो. तो एका दिशेने, एका जोराने वाहत असेल तर भुसा एका बाजूला पडतो आणि दाणे सरळ खाली. वारा झोत मारायला लागला, कधी इकडून कधी तिकडून, की भुसा आणि दाणे एक होतात. वारा जास्त आहे म्हणून काम बिघडत नाही. तो एकसारखा नाही म्हणून बिघडतं.

मोटारसायकलवरही तसंच आहे. एकसारखा वारा छातीवर आला तर शरीर त्यावर थोडं रेलतं आणि सवय होते. पण तोच वारा सेकंदाला अनेक वेळा दिशा आणि जोर बदलू लागला, तर मानेच्या स्नायूंना सतत डोकं सावरावं लागतं. यालाच आपण वाऱ्याचा मारा म्हणू.

शास्त्राच्या भाषेत पहिल्या प्रकाराला स्तरीय प्रवाह आणि दुसऱ्याला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हा फरक दाखवला. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवल्यावर ती फिसकटून सगळ्या पाण्यात मिसळली.

२) भोवरे कुठून येतात?

वर्ध्याला जाताना पवनारला धाम नदी लागते. पावसाळ्यानंतर, पाणी वाहतं असताना, पात्रातल्या खडकांकडे जरा वेळ पाहा (काठावरूनच!). खडकाच्या पुढच्या बाजूला पाणी आदळतं आणि दोन्हीकडून वळून जातं. खडकाच्या मागे मात्र ते लगेच जुळत नाही. तिथे भोवरे फिरतात, आणि एखादं पान त्यात सापडलं तर ते उलट खडकाकडे सरकतं.

तुमच्या गाडीची काच म्हणजे तो खडक, हवा म्हणजे पाणी, आणि तुमचं डोकं म्हणजे ते पान.

काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला वरून आणि दोन्ही बाजूंनी हवा आत घुसते, गोल फिरते आणि काचेच्या कडेवरून एकामागून एक भोवरे सुटतात. त्यांच्या नियमित रांगेला थिओडोर फॉन कारमान या शास्त्रज्ञांचं नाव आहे. त्याही आधी, १८७८ मध्ये, स्ट्रोहाल यांनी वाऱ्यात तार का गाते याचा अभ्यास केला होता. त्यातून एक सोपा संबंध मिळतो:

भोवऱ्यांची वारंवारता = ०.२ × वेग ÷ वस्तूची रुंदी

उदाहरण: वेग ताशी ८० किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. काचेची रुंदी ४० सेंमी, म्हणजे ०.४ मीटर.
वारंवारता = ०.२ × २२ ÷ ०.४ = ११

म्हणजे सेकंदाला साधारण ११ वेळा. काच काही लांबलचक तार नाही, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजा. पण डोकं गदागदा हलतं म्हणजे किती वेगाने हलतं, याचा अंदाज यावरून येतो.

३) वेग दुप्पट, जोर चौपट

हवेचं बल = ०.५ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × आकाराचा गुणांक × समोरचं क्षेत्रफळ

हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, हेल्मेटचं समोरचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर आणि गुणांक ०.५ धरू.

- ताशी ४० किमी : सुमारे २.६ न्यूटन
- ताशी ८० किमी : सुमारे १०.४ न्यूटन
- ताशी १०० किमी : सुमारे १६ न्यूटन

४० वरून ८० वर गेलो, वेग दुप्पट झाला, पण बल चौपट झालं. गावात ४० ने फिरताना जे हेल्मेट छान वाटतं, तेच महामार्गावर का छळतं याचं उत्तर इथे आहे.

आणखी एक गोष्ट. सूत्रातला वेग हा हवेच्या तुलनेतला वेग आहे. मीटरवर ८० दिसतंय आणि समोरून ताशी २० किमीचा वारा आहे, तर तुमच्या डोक्यासाठी वेग १०० झाला. १०० भागिले ८० म्हणजे १.२५, त्याचा वर्ग १.५६. म्हणजे मीटरवरचा काटा हललाही नाही आणि जोर ५६ टक्क्यांनी वाढला! समोरून वारा असेल त्या दिवशी वेग कमी ठेवायचा, तो याच हिशेबाने.

४) आधी निदान, मग उपाय

ताप आला की आधी तपासतात, मग औषध देतात. इथेही तेच. बाजारातून सरळ मोठी काच आणून बसवू नका.

लायसन्स असलेल्या व्यक्तीने मोकळ्या, सरळ रस्त्यावर, ताशी ६० च्या आसपास एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. दोन्ही हात हँडलवर, नजर रस्त्यावर. मग इतकंच करायचं: आधी पाठ ताठ करून डोकं जरा उंच न्यायचं, नंतर थोडं वाकून खाली आणायचं.

- उंच झाल्यावर डोकं शांत झालं, तर तुमचं डोकं काचेच्या भोवऱ्यांत होतं. वर स्वच्छ हवा आहे.
- वाकल्यावर शांत झालं, तर काचेचा आडोसा तुमच्या उंचीला कमी पडतोय.
- दोन्हीकडे सारखाच त्रास असेल, तर हवा खालून किंवा बाजूने येत असावी, किंवा हेल्मेटच सैल असावं.

शक्य असेल तर काच पूर्ण काढून तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा जावा. काच काढल्यावर छातीवर जोर वाढेल, पण डोक्याची थरथर गेली तर गुन्हेगार सापडला.

हवा कुठून येते हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर काचेच्या मागच्या बाजूला लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे चिकटपट्टीने लावा. मागे बसलेल्या माणसाने पाहायचं, चालवणाऱ्याने नाही. धागा सरळ मागे राहिला तर प्रवाह स्वच्छ. गोल फिरला किंवा उलट पुढे आला तर तिथे भोवरा.

५) उपाय

सगळे उपाय एकदम करू नका. प्रयोगशाळेतला नियम आठवा: एका वेळी एकच चल बदलायचा.

काचेखाली फट ठेवा. हा सर्वांत स्वस्त उपाय. काचेच्या स्क्रूखाली जाड वॉशर किंवा स्पेसर घालून काच एक-दोन सेंमी पुढे घेतली, की खालून थोडी हवा मागे जाते. कमी दाबाची जागा ती भरून काढते आणि भोवऱ्यांचा जोर कमी होतो. काच घट्ट बसली आहे ना, हे पुन्हा तपासा.

कोन बदला. काच उभी असेल तर हवा जोरात फेकली जाते, तिरपी असेल तर सरकत जाते. काहींना थोडा कोन बदलूनच आराम पडतो.

उंची ठरवा. काचेतून नव्हे, काचेवरून रस्ता दिसला पाहिजे. वरची कड साधारण नाकाच्या रेषेत असावी. रात्री समोरच्या गाडीचा दिवा ओरखडे पडलेल्या काचेवर पसरला की पुढचं काहीच दिसत नाही. म्हणून "जितकी मोठी तितकी चांगली" हा विचार सोडा. मध्यम उंचीची काच सर्वांत वाईट ठरू शकते, कारण तिच्या कडेचे भोवरे नेमके हेल्मेटवर येतात. अशा वेळी लहान काच लावून डोकं स्वच्छ हवेत ठेवणं हाही उत्तम उपाय आहे.

वरच्या कडेला पट्टी. काच बदलायची नसेल तर वरच्या कडेला बसवायची छोटी पट्टी मिळते. हवेची वाट ती थोडी वर ढकलते.

खालची हवा. पुढच्या चाकाच्या फोर्कमधून आणि टाकीच्या बाजूने हवा वर चढते. तिथे लहान आडोसे बसवता येतात. बसवल्यावर गाडी उभी असताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. काही अडता कामा नये, आणि रेडिएटर असेल तर तोही झाकला जाऊ नये.

हेल्मेट. घातल्यावर डोकं डावी-उजवीकडे हलवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट वेगळं फिरत असेल तर ते मोठं आहे. समोर टोपीसारखं छप्पर असलेलं हेल्मेट मातीच्या रस्त्याला ठीक, महामार्गावर ते छप्पर वारा धरतं. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहूनच घ्या.

कपडे आणि सामान. फुगणारं जाकीट आणि मोकळं सुटलेलं टोक स्वतःच भोवरे तयार करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधतात. तो हवाच, पण दोन्ही टोकं आत खोचा. फडफडणारं टोक चाकात किंवा साखळीत गेलं तर जिवावर बेततं. मागे मोठी पेटी आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील, तर वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं ठेवा. उंचावर मागे जास्त वजन असलं की वेगात गाडी डोलू शकते.

कान. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास, ही कानाची साधारण मर्यादा मानतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. महामार्गावर हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज या मर्यादेपलीकडे जातो. हा आवाज इंजिनाचा नाही, भोवऱ्यांचा आहे. म्हणून मारा कमी केला की कानही वाचतात. एकदा गेलेली श्रवणशक्ती अशी परत येत नाही.

६) ट्रकचा वारा

आपल्या स्टेशनवरून न थांबणारी गाडी धडधडत जाते, तेव्हा फलाटावर आधी धक्का आणि मग ओढ जाणवते. पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहा, असं सांगतात ते यासाठीही. ट्रकच्या बाबतीतही तसंच होतं. त्याच्या मागे भोवरे, बाजूला आडोसा, आणि ओलांडून पुढे गेलं की एकदम समोरचा व बाजूचा वारा. त्या क्षणी गाडी हातभर सरकू शकते.

म्हणून ट्रकच्या मागे चिकटून चालू नका. ओलांडताना मध्ये भरपूर जागा ठेवा. हँडल करकचून धरू नका. हात ताठ केले की वाऱ्याने शरीराला दिलेला प्रत्येक धक्का हँडलपर्यंत पोचतो. कोपर सैल, गुडघे टाकीला टेकलेले. हा झटका कोणत्याही काचेने थांबत नाही, तो फक्त अंतर आणि वेग सांभाळून कमी होतो.

७) घरी करून पाहा (मोठ्यांसमोर)

एक मेणबत्ती पेटवा. तिच्यासमोर चार बोटांवर वहीचा पुठ्ठा उभा धरा आणि पुठ्ठ्यावर समोरून फुंका. ज्योत तुमच्यापासून लांब जाईल असं वाटतं ना? ती उलट पुठ्ठ्याकडे झुकते! आता पुठ्ठ्याऐवजी गोल बाटली ठेवून फुंका. या वेळी हवा बाटलीला धरून वळते आणि ज्योत विझते. शेवटी पुठ्ठा टेबलापासून बोटभर उचलून पुन्हा फुंका आणि ज्योतीत काय फरक पडला ते वहीत लिहा. काचेखालच्या फटीचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

थोडक्यात

त्रास वाऱ्याचा नसतो, भोवऱ्यांचा असतो. भोवरे कडेवरून सुटतात, म्हणून ती कड डोक्यापासून वर न्या किंवा खाली न्या, आणि मागची रिकामी जागा हवेने भरू द्या. वेग २० ने कमी करणं हा बिनपैशाचा उपाय आहे: १०० वरून ८० वर आलात की जोर एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. काच बदला, कोन बदला, वेग बदला. हेल्मेट मात्र डोक्यावरच राहू द्या.

स्वाध्याय

१. ताशी ६० वरून ९० किमी वेग केल्यास हवेचं बल किती पट होईल?
२. मीटरवर ७० आहे आणि मागून ताशी १० किमीचा वारा आहे. हवेच्या तुलनेत वेग किती?
३. काचेची रुंदी ५० सेंमी आणि वेग सेकंदाला २५ मीटर असेल, तर भोवऱ्यांची वारंवारता काढा.
४. तान्हा पोळ्याच्या मिरवणुकीत पताका वाऱ्यात सरळ न राहता का फडफडतात? पाच ओळींत लिहा.
५. घरातल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट गालाच्या कसोटीने तपासा आणि निरीक्षण वर्गात सांगा.

(उत्तरे : १ – २.२५ पट, २ – ताशी ६० किमी, ३ – सेकंदाला १० वेळा)