आरक्षण : मुदत की मोजमाप?

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत ‘शिक्षणातील आरक्षण आता पुरे’ या विषयावर मी अनुकूल बाजूने बोललो. ‘घटनाकारांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवले होते’ या माझ्या वाक्याला टाळ्या मिळाल्या. पुढे बक्षीसही मिळाले. कार्यक्रम संपल्यावर राज्यशास्त्राच्या सरांनी एवढेच विचारले, ‘‘कोणत्या कलमात?’’ मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात घटनेची प्रत घेऊन बसलो.

दहा वर्षांची मुदत होती, ती ३३४ व्या कलमात. पण ते कलम लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांविषयी आहे. ती मुदत वाढत वाढत आता २०३० पर्यंत आली आहे. शिक्षणातील राखीव जागांचा आधार निराळा. मद्रास राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांची जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये घटनाबाह्य ठरविली. तेव्हा त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या कलमात चौथे उपकलम घालण्यात आले. त्यात मुदतीचा उल्लेखच नाही.

म्हणजे ‘किती वर्षे झाली?’ हा प्रश्न नसून ‘मागासलेपण किती उरले?’ हा खरा प्रश्न आहे. असे मोजमाप काही अंशी झालेही आहे. इतर मागासवर्गीयांतील सुस्थितीत पोहोचलेल्या ‘क्रीमी लेयर’ला वगळण्याचे तत्त्व १९९२ मध्ये नोकऱ्यांसाठी आणि २००८ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. २०२४ मध्ये अनुसूचित जातींतही अधिक मागे राहिलेल्यांसाठी पोटवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना मिळाली.

‘मग केवळ गरिबी का पाहू नये?’ असे मीही विचारीत असे. खुल्या वर्गातील आर्थिक दुर्बलांसाठी २०१९ पासून दहा टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. पण गरिबी आणि जात या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या बाकावरील मित्राला बारावीला माझ्यापेक्षा गुण कमी होते. माझे वडील शिक्षक, घरी पुस्तकांचे कपाट. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर त्याची शाळा सुटे, ती उन्हाळ्यापर्यंत. हे झाले गरिबीचे. पण खोली घेताना घरमालकाने आधी आडनाव विचारले आणि मग ‘खोली गेली’ असे सांगितले, हे माझ्या बाबतीत कधी झाले नाही. त्याच्या बाबतीत दोनदा झाले.

अर्थात, राखीव जागेने सर्व काही साधते असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा, वसतिगृह आणि वेळेवर शिष्यवृत्ती यांची जोड नसेल, तर प्रवेश मिळालेला मुलगा अर्ध्यातूनच परततो.

माझ्या मते आरक्षणाची गरज अद्याप आहे. मात्र त्याचा लाभ कोणापर्यंत पोहोचला, याची पाहणी वेळोवेळी व्हावी. माझ्या भाषणाच्या वेळी तो मित्र सभागृहातच होता. त्याने टाळ्या वाजविल्या नव्हत्या. ते वाक्य मी येथे मागे घेत आहे.